चिंचोक्याचं फिफ्टी-फिफ्टी

"मॅडम, ते चिंचोके आधी उचला," हेडसर दारातूनच म्हणाले. "शाळा समितीचे अध्यक्ष येऊन राह्यलेत. तक्रार हाय. तुम्ही पोरांना जुगार शिकवता म्हणून."

वडीगोद्रीपासून आत, जिल्हा परिषदेची शाळा, सातवीचा वर्ग. समान हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेतर्फे मी तिथे खेळांतून सांख्यिकी शिकवते. चिंचोका दगडावर घासून एका बाजूने पांढरा करायचा. आधी अंदाज सांगायचा, मग फेकायचा. पडेल त्या बाजूची वहीत रेघ ओढायची. चार उभ्या, पाचवी त्यांच्यावरून आडवी. या ताळ्याच्या खुणा. एक बाजू एकूण किती वेळा पडली, ती तिची वारंवारता. बस, एवढाच जुगार.

माझं डोकं तापलं. हायवेच्या टपरीमागे दिवसाढवळ्या आकडा लावतात. त्याची तक्रार नाही. पोरींच्या हातात चिंचोका दिसला की मात्र सगळ्यांना संस्कार आठवतात!

"उचलणार नाही," मी म्हणाले.

"मंग वर्ग बंद होईल. आजच्या आज. माझ्या हातात न्हाई."

तेवढ्यात अध्यक्ष आत आले. गाव त्यांना आप्पा म्हणतं. त्यांनी जमिनीवरचा एक चिंचोका उचलून उलटसुलट पाहिला.

"काय लावतेत ह्याच्यावर?"

"काहीच नाही. फेकतात आणि मोजतात."

"त्याच्यात काय मोजायचं?"

मी सभेत बोलावं तशी सुरू झाले. "आप्पा, बाजू दोनच. म्हणजे दोन्हींची शक्यता सारखी. फिफ्टी-फिफ्टी. हे एकदा समजलं की पोरं जुगाराच्या नादी लागणारच नाहीत."

पहिल्या रांगेतली प्रज्ञा उठली. साऱ्या वर्गाच्या खुणा तिच्या वहीत होत्या.

"ताई, बराबर न्हाई ते."

"काय बराबर नाही?"

"वीस जणांनी दहा-दहा वेळा फेकलं. दोनशेत पांढरं एकशे एकोणतीस. सारखं कुठंय?"

बेरीज मी पाहिलीच नव्हती. नाण्याचा नियम चिंचोक्याला लावून मोकळी झाले होते. नाणं दोन्हीकडून सपाट असतं. घासलेला चिंचोका एकीकडून सपाट, दुसरीकडून फुगीर. मग तो सारखा कसा पडेल? आणि चूक कुणासमोर, तर वर्ग बंद करायला आलेल्या माणसासमोर. हेडसर माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते.

आप्पा हसले. "पोरगी खरं बोलून राह्यली. पांढरंच जास्त पडतंय. अजून घासा, अजून पडंल."

मागच्या रांगेतून गणेश म्हणाला, "आप्पा, तुम्हाला कसं ठाव?"

हेडसर खोकले.

"लहानपणी खेळल्तो."

"काय लावून?" प्रज्ञाने विचारलं. पेन्सिल तिच्या हातात तयारच होती.

सगळा वर्ग हसत सुटला. आप्पांनी चिंचोका हळूच जागेवर ठेवला. "चालू द्या तुमचं," म्हणाले. दारात थांबून मागे वळले. "पण मॅडम, फळ्यावर 'खेळ' लिहू नका. 'प्रयोग' लिहा."

वर्ग चालू आहे. फळ्यावर 'प्रयोग' लिहिते.

दोन बाजू असल्या म्हणजे दोन्हींना सारखी संधी मिळते असं नसतं, हे मी संस्थेच्या किती पत्रकांत लिहिलं असेल. चिंचोक्याला तेवढं लावून पाहिलं नव्हतं.