नववं गाणं

चेन्नईतल्या अंबत्तूरच्या आमच्या कारखान्यात एक डिस्पॅच क्लार्क आहेत. तंजावरचे मराठी, कपाळाला विभूती, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारची खिडकी त्यांची. कानात मात्र हेवी मेटल, तेही एकाच बँडचा एकच अल्बम, जो फारसा कुणी ऐकलेला नाही. त्यातल्या अकरा गाण्यांत मिळून एका दीपगृह राखणाऱ्याची गोष्ट आहे.

"लोकांला नुसता आवाज ऐकू येतो, सार," ते तमिळ हेलात म्हणतात. "लिहिलंय काय, ते कोण ऐकतंय?"

वडिलांचं तेरावं उरकून मी साताऱ्याहून परतलो, तेव्हा बसमध्ये सगळ्यांनी विचारपूस केली. यांनी काहीच विचारलं नाही. संध्याकाळी परतताना एक इअरफोन तेवढा माझ्या हातात दिला.

नववं गाणं होतं. त्यात दीपगृहवाल्याची बायको वारते. मी किंकाळीची वाट पाहत राहिलो. पण गिटार मंदावली आणि त्यानं सवयीनं दोन कप चहा केला, एवढंच गायकानं सांगितलं.

"हा ओरडत का नाही?" मी विचारलं.

"ओरडणं आधीच्या गाण्यांत झालं, सार. आता त्याला उद्याही दिवा लावायचा आहे की."

तेरा दिवस न आलेलं रडू मला तिथं आलं. ते खिडकीबाहेर बघत बसले. त्यांचा स्टॉप आला आणि गेला. शेवटच्या स्टॉपला माझ्याबरोबर उतरून, डब्याची पिशवी सांभाळत ते उलट दिशेला चालू लागले.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरनं हटकलं, तेव्हा झोप लागली होती, असं त्यांनी सांगितलं.