आयत्या वेळचा विषय

बहात्तरच्या दुष्काळात मंद्रूपच्या रस्त्यावर आमी सगळ्या खडी फोडत होतो. माझ्या शेजारी मुक्ताबाई बसायची. माहेर मंगळवेढ्याचं, सासर आमच्या गावच्या बौद्धवाड्यातलं, नवरा गेलेला, पदरात एक पोरगी. कामाला वाघीण. पण पाण्याचं पिंप एकच, आन त्यावर पाणी वाटायला ईश्वरप्पा बसलेला. आमी आपल्या हातानं पिंपात तांब्या बुडवायचा. मुक्ताबाईनं आन तिच्या पोरीनं लांब उभं राहून ओंजळ धरायची, ईश्वरप्पानं वरनं वतायचं. निम्मं पाणी मातीत. आपल्या पोरीनं पिंपातनं हातानं पाणी घ्यावं, एवढंच तिला पायजे होतं. राज्य मागितलं होतं का तिनं?

सोलापूरच्या चनमल्लप्पांची मजुरांची समिती होती. बाजारादिवशी लिंबाखाली सभा व्हायची. मुक्ताबाईनं पिंपाचं काढलं की ते म्हणायचे, "आधी मजुरी वाढू द्या, मुक्ताबाई. तुमचं आयत्या वेळच्या विषयात घेऊ." बिचारीला वाटलं, आपल्यासाठी खास वेळ राखून ठेवलीय. पुढच्या सभेला धुतलेलं लुगडं नेसून, पोरीची वेणी घालून आली. सभा संपली, माणसं धोतर झटकून उठली, तरी ही बसलेलीच. मला विचारती, "वच्छला, आयती वेळ कवा येती गं?"

मग एकदा चनमल्लप्पांनी कॉलेजचे एक सर आणले. सर चांगलं बोलले, खोटं कशाला सांगू. म्हणाले, लोकशाही आता निस्ती कामगारांची न्हाय. बायका, दलित, तरुण, सगळ्यांच्या चळवळी उठल्यात, ज्याचं त्याचं गाऱ्हाणं तिनं ऐकायला हवं. मुक्ताबाई ताडकन उठली. "मग सर, पिंपाचं आत्ताच ठरवा की."

सर चनमल्लप्पांकडं बघाय लागले. चनमल्लप्पा लई हुशार. म्हणाले, "ठरवू की. मत घेऊ. समद्यांनी हातानं पाणी घ्यावं, असं कुणाला वाटतंय?"

बौद्धवाड्यातले मोजके हात वर झाले, आन माझा. माझा सासूनं दंडाला धरून खाली वढला. मग विरुद्धचे हात इचारले, तर सगळी सभा वर. सर चष्मा पुसत म्हणाले, "निर्णय दुर्दैवी आहे, पण प्रक्रिया योग्य झाली." मुडदा बशिवला त्या प्रक्रियेचा.

दुसऱ्या दिवशी पोरगी तहानेनं पिंपापाशी गेली. इतके दिवस ईश्वरप्पा निदान खाली मान घालून वतायचा. आता तिच्याकडं नीट बघत म्हणाला, "लांब हो, बाळ. आता ही नुसती रीत न्हाय, सभेचा ठराव हाय."