आईच्या फॉर्मवर मी ‘हिंदी’ लिहिलं

मंडळी, हे तुम्हाला सांगायलाच हवं.

आज दुपारी न कळवताच आईच्या केअर होममध्ये गेले. तिचे दोन्ही हात पलंगाला बांधलेले! नर्स म्हणाली, “आंटी सुबह से चिल्ला रही है.”

मला बघताच आई म्हणाली, “पाठ भाजतेय गं, कुशीवर वळव.” सकाळपासून ती एवढंच सांगत होती. पाठीला जखम झालीय.

स्ट्रोकनंतर तिची हिंदी गेली, फक्त मराठी उरली. तरी अ‍ॅडमिशन फॉर्मवर भाषा ‘हिंदी’ लिहिली ती मीच. इथे घराबाहेर सगळ्यांशी हिंदीच बोलतो ना आपण!

आईचे हात सोडवले, तिला कुशीवर वळवलं, फॉर्मवर भाषा ‘मराठी’ करून घेतली. घरी येऊन लेकीला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, “मम्मा, व्हॉट इज कुशी?”

उद्या मी ‘कुशीवर वळव’ म्हटलं, तर हिला कळणारच नाही. तुमच्या मुलांना कळेल?