कुडावरची खूण

सकाळी पोलिओच्या मुली आल्या होत्या. घरात मी एकटीच, लहान मूल नाही, तरी जाताना त्यांनी दारावर खडूने खूण केली. त्या कोरड्या वासाने मला मनोरजवळचा आदिवासी पाडा आठवला.

तेव्हा नवरा बोईसरला कारखान्यात होता आणि मी पाड्यापाड्यावर पोलिओचे डोस पाजायला जायचे. त्या पाड्यावरच्या जनीआजीच्या ओट्यावर माझा कोरा चहा ठरलेला. त्या खेपेला मात्र सगळी दारं बंद होती. मागच्या फेरीत कुडाच्या भिंतींवर केलेल्या माझ्या खुणा शेणाने सारवून टाकल्या होत्या. शेण अजून ओलं होतं.

आजीने दार जरासं उघडलं. नातू तिच्या लुगड्याआड होता.

"आजी, मी आहे."

"वळखते ना, बाय. पण मोबाइलवर आलंय, खूण केली त्या घरातली पोरं नेतात."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुज्यावर हाय. खुणेवर नाय."

फटीतून तिने चहाचा पेला बाहेर सरकवला आणि दार लावलं. ओट्यावर एकटीने चहा पिताना, शेणाच्या वासात, मला त्या माणसांच्या अडाणीपणाची कीव आली होती.

आज दुपारी बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज आला: चोर दारांवर खुणा करून गेलेत, लगेच पुसा. मी लिहिलं, अहो, त्या पोलिओच्या आहेत. सगळ्यांनी वाचलं.

संध्याकाळी दार उघडून पाहिलं. माझ्या दारावरची खूणही कोणीतरी ओल्या फडक्याने पुसली होती. बेल मात्र वाजवली नव्हती.