विहीणबाईंचा काढा

माझी थोरली बहीण माल्सुक गुनसानच्या बाजारात तोंडीलावणी विकते. मुरवलेला मुळा, तिखटात घोळलेले खेकडे, सुकी मासळी. तिचा आवाज मासळीच्या गल्लीपासून देवळाच्या कोपऱ्यापर्यंत जातो. नवरा गेल्यावर त्या आवाजावरच तिने लेकीला, बोरामला, वाढवलं, सोलला शिकायला धाडलं.

बोरामचं लग्न ठरलं आणि लेकीने आईला भेट जाहीर केली: चेहऱ्याची कातडी ताणून घेण्याची शस्त्रक्रिया. आमच्याकडे कोरियात मुली आयांना अशी भेट देतात, आणि शेजारणी त्या मुलींचं कौतुक करतात. ताईला ती नको होती. पण बाजारातल्या बायका आधीच म्हणायला लागल्या होत्या, "नशीब काढलंस हो! आमची पोरगी साधा हातरुमाल देत नाही." मग नाही म्हणायचं कसं?

शस्त्रक्रियेनंतर तिला बोरामच्या घरी ठेवलं. सोबतीला मी. हनुवटीपासून डोक्यापर्यंत घट्ट पट्टा, कानामागे टाके. तोंड चमचा जाईल एवढंच उघडायचं. मिठाने सूज वाढते म्हणून सगळं अळणी. जिने जन्मभर मीठ चाखून पोट भरलं, ती भाताची पेज गिळत खिडकीशी बसायची. खाली बाग होती, पण बोरामने सांगून ठेवलेलं, "मावशी, आईला बाहेर नेऊ नकोस. संगवूच्या आईची मैत्रीण याच इमारतीत राहते. त्यांना हे कळायला नको."

संगवू म्हणजे होणारा जावई.

"चुनजा," ताई दातांमधून म्हणाली, "असं वाटतंय, कुणीतरी मागून माझे दोन्ही कान धरून उभं आहे. सोडतच नाही."

डॉक्टरांनी तांबड्या भोपळ्याचा रस चालेल म्हणून सांगितलं होतं. मंडूकपर्णीचं मलमही दिलं होतं, पण ते टाके निघून जखम मिटल्यावर लावायचं. तोवर दुसरं काही पोटात घ्यायचं झालं तर आधी आम्हाला विचारा, असं त्यांनी दोनदा बजावलं.

आणि एका सकाळी रेशमी कापडात बांधलेला खोका आला. विहीणबाईंकडून. आत काढ्याच्या पिशव्या होत्या, दांग्वी नावाच्या औषधी मुळीचा काढा. सोबत निरोप: आमच्या घराण्याच्या वैद्यांकडून खास करून घेतलाय, जखम लवकर भरेल.

बोरामचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे त्यांना कळलंय!"

मी म्हटलं, "कळू दे. आपण डॉक्टरांना विचारू."

विचारलं. दांग्वीने रक्त पातळ होतं, देऊ नका, असं उत्तर आलं. पण दुपारी विहीणबाईंचा फोन आला, तोही चेहरा दाखवणारा. बोरामने तो आईसमोर धरला.

"घेतलात ना काढा? माझ्यासमोर घ्या बघू एक, म्हणजे माझ्या जिवाला बरं वाटेल."

त्या गोड हसत होत्या. ताईने लेकीकडे पाहिलं. लेकीने मान खाली घातली. ताईने पिशवी फोडली आणि तो कडू काळा काढा घोटाघोटाने संपवला. मग रोज दुपारी फोन, रोज एक पिशवी. मी तणतणले तर ताई म्हणायची, "गप गं. पोरीला त्या घरात नांदायचंय."

कानाखालचा पिवळा पडत आलेला डाग पुन्हा जांभळा झाला. आणि एकदा जेवताना तिचा डावा गाल माझ्या डोळ्यांदेखत फुगत गेला. तिच्या हातातला वाडगा पडला. मी टॅक्सी बोलावली, बोरामला कामावरून थेट दवाखान्यात यायला सांगितलं. कातडीखाली रक्त साचलं होतं. टाके उसवून ते काढावं लागलं.

बोराम खाटेशी रडत उभी होती. "आई, काढा नको असं त्यांना सांगायचं होतंस ना!"

"तुला हा चेहरा नको म्हणून सांगता आलं नाही मला," ताई म्हणाली. "त्यांना काढा नको कसं सांगू?"

बोराम खुर्चीत बसली. मग तिनेच फोन लावून आईच्या हातात दिला.

"विहीणबाई," ताई म्हणाली, "तुमच्या काढ्याने माझ्या गालात रक्त साचलं. मी तो आता घेणार नाही. राग मानू नका."

पलीकडून एवढंच, "असं होय. बरं." फोन बंद. त्यानंतर फोन आला नाही.

टाके निघाले, जखम मिटली, मग मी सकाळ-संध्याकाळ कानामागे ते हिरवं मलम चोळलं. वण बारीक राहिला. लग्नात दोन्ही आयांनी रीतीप्रमाणे शेजारी उभं राहून मेणबत्त्या लावल्या. ताई फोटोत तरुण दिसते. विहीणबाई तिच्याशी हवापाण्याचंच बोलल्या, आणि आजही तेवढंच बोलतात. बोरामला मात्र काढा नाकारल्याचे टोमणे ऐकावे लागतात.

ताई पुन्हा बाजारात बसते. आवाज तोच आहे. पण डाव्या गालाला अजून स्पर्श कळत नाही. खेकडे कालवताना तिखट तिथे उडतं आणि तसंच राहतं. गिऱ्हाईक सांगतं, "मावशी, गालाला लागलंय," तेव्हा ती उजव्याच गालाला हात लावते.