शेंदराखालचा आकडा

खजिन्याच्या शोधाला मी मामाला नेलं ते नाइलाजाने. वर्गात सगळ्यांच्या जोड्या ठरल्या होत्या आणि मी कुणाला विचारलंच नव्हतं. विचारायचं ठरवेपर्यंत माझा नेहमीच उशीर होतो. शेवटी मॅडम म्हणाल्या, "घरातलं कुणी आलं तरी चालेल."

मॅडम आम्हाला इतिहास शिकवतात. त्यांनी एक छोटी पुस्तिका तयार केली होती. फोर्टपासून जुन्या गोदीच्या भिंतीपर्यंत आपलं आपण चालत जायचं. गाईड नाही, फक्त हाताने काढलेला नकाशा आणि सात कोडी. प्रत्येक कोड्याचं उत्तर रस्त्यावरच कुठेतरी कोरलेलं, टांगलेलं किंवा पुरलेलं. बरोबर उत्तराला एक गुण, अर्धवट उत्तराला अर्धा, चुकीच्याला शून्य. आधीच्या तोंडी सादरीकरणात मी उभी राहिले, एक वाक्य बोलले आणि खाली बसले होते. त्यामुळे आता सातपैकी निदान साडेपाच गुण मिळाले तरच मी अंतर्गत परीक्षेत पास होणार होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. नापास झालं की कॉलेजातून नाव काढून टाकतात, असं आईला वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं. खरं काय ते ऑफिसात विचारायची लाज वाटली.

मामा आमच्याबरोबरच घाटकोपरला राहतो. आता मुलुंडच्या एका सोसायटीत वॉचमन आहे. त्याआधी पंधरा वर्षं तो गोदीत कंत्राटी कामगार होता. दुरुस्तीला आलेल्या जहाजांचा गंज हातोडीने ठोकून काढायचा आणि वर रंग मारायचा, हे त्याचं काम. गुडघा गेल्यावर ते सुटलं. रविवारी त्याला सुट्टी होती. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला, आणि मला उगाच वाईट वाटलं, कारण मी त्याला नीट काही सांगितलंच नव्हतं.

"खजिनो खय असा गो?" त्याने बाहेर पडता पडता विचारलं.

"खजिना नाही रे मामा. मार्क आहेत."

"मगे इस्त्री फुकट गेली."

पहिली चार कोडी सोपी निघाली. पाचवं एका जुन्या इमारतीच्या दारावर होतं. तिथे दगडात जहाज कोरलेलं, आणि प्रश्न होता, त्याला शिडं किती? मी सहा मोजली. मामा कमरेवर हात ठेवून वर बघत राहिला.

"पाच. ता मागचा शीड नाय, ताडपत्री असा. आणि बावटो बघ. शिडात वारो मागसून भरलो हा आणि बावटो मागेच उडता. कोरणारो जन्मात होडयेत बसलो नाय."

मामा लहानपणी मालवणात होडीतून मासे धरायला जायचा. मी खोडरबराने सहा पुसून पाच लिहिलं.

सहावं कोडं गोदीच्या एका दरवाज्याजवळ होतं. त्या भागात जुन्या तोफा तोंड खाली करून फुटपाथच्या कडेला उभ्या गाडल्या आहेत, गाड्या वर चढू नयेत म्हणून. पुस्तिकेत लिहिलं होतं : 'दरवाज्याच्या उजवीकडच्या पहिल्या तोफेच्या पाठीवर तीन आकडे कोरलेले आहेत. ते तिचं जुन्या इंग्रजी मापातलं वजन आहे : हंड्रेडवेट, क्वार्टर, पाउंड. आकडे लिहा. इथे फोटो काढायला बंदी आहे.'

आम्ही तोफेपाशी पोचलो आणि माझे पाय थांबले. तोफेवर शेंदूर होता. थरावर थर, वरपासून खालपर्यंत. झेंडूची माळ, विझलेली उदबत्ती. आकडा कुठे दिसतच नव्हता.

"ह्यो आमचो राखणदार," मामा चप्पल काढत म्हणाला. "आत जाताना हात लावल्याशिवाय कोण जायत नाय. परातीवरसून एक गडी पडलो आणि वाचलो, तेव्हापासून ह्येका शेंदूर."

"परात म्हणजे?"

"जहाजाच्या अंगाक टांगतत ती फळी. आम्ही परातच म्हणू."

तेवढ्यात माझ्या वर्गातली तिघं तिथे आली. त्यांच्या हातातही तीच पुस्तिका. त्यातली एक बिनधास्त मुलगी आहे, तिने तोफेकडे बघितलं आणि बॅगेतून किल्ली काढली.

"यार, वाट लागली. थांबा, थोडंसं खरवडते. नंबरापुरतंच."

मामा माझ्याकडे बघत राहिला. ते लोक माझे होते, त्याचे नव्हते, आणि बोलायचं मलाच होतं.

"नको ना," मी म्हणाले. आवाज फार बारीक आला. "लोक याला देव मानतात गं. माझा मामा इथे काम करायचा."

"अगं पण मार्क?"

"मला पण पाहिजेत. माझे तर जातायत."

तिने किल्ली हातातच धरून ठेवली. मामा पुढे झाला. "खरवडूची गरज नाय. माका बोटान कळता. गंज रंगाखाली असलो तरी आम्ही हातान वळखू. पण आधी इचारूक होया."

आणि त्याने भर फुटपाथवर हात जोडून, गावच्या देवळात घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आमच्या घरातला कॉलेजात जाणारा ह्या पयलाच चेडू. तिच्या कागदाक तुझ्या अंगावरचो आकडो होयो असा. आम्ही तुका खरवडणव नाय, नुसतो हात लावतव. काय चुकला माकला तर सांभाळून घे, आणि तिका पास कर रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. मामा वाट बघत होता. मला कानापर्यंत लाज आली. "व्हय म्हाराजा," मी पुटपुटले.

"पोटात दुखता काय? मोठ्यान."

"व्हय म्हाराजा!" या वेळी ती तिघंही ओरडली. दरवाज्यावरचा बंदूकवाला पहारेकरी दोन पावलं पुढे आला. "ए, क्या चल रहा है?"

"पूजा, साब. हम इधरही काम करता था."

"फोटो नहीं, हां."

मामाने डोळे मिटले आणि अंगठा शेंदरावरून हळूहळू फिरवला. "दोन... तीन. तेवीस. मगे एक. मगे..." अंगठा तिथेच दोनदा फिरला. "परत एक, आणि तेका लागान आणखी एक आकडो असा. तीन नायतर आठ. म्हणजे तेरा नायतर अठरा."

"नक्की कुठला, मामा?"

"नाय कळाक."

"अंदाजाने सांग ना."

"अंदाज नाय सांगूचो. जहाजाचो पत्रो चांगलो की कुजको ह्या समाजला नाय, तर आम्ही पांढऱ्या खडून गोल काढू आणि फुडे जाव. सायब येऊन बघीत. चांगलो म्हणून सांगलंय आणि आत पाणी शिरला तर?"

त्या तिघांनी आपसात बोलून आठ लिहिलं. "लिही गं तू पण," ती मुलगी म्हणाली, "बरोबर आलं तर पूर्ण मार्क." पेन्सिल माझ्या हातात होती. आठ लिहायला काय लागतं, मला वाटलं. मग मी तेवीस, मग एक, आणि तिसऱ्या आकड्यातला नुसता पहिला एक लिहिला. बाजूला लिहिलं : 'शेवटचा आकडा शेंदराखाली आहे. मामांनी अंगठ्याने चाचपून बघितला. तीन किंवा आठ, खात्री नाही.' सातवं कोडं सोडवताना माझं लक्ष लागत नव्हतं. मामा मात्र मजेत चालत होता, जुने चहावाले शोधत.

पुढच्या आठवड्यात पुस्तिका परत मिळाल्या. शिडं सहाच होती, तिथे शून्य. तोफेच्या उत्तराला अर्धा गुण, आणि शेजारी मॅडमच्या अक्षरात बरोबर आकडा : अठरा. बाकीची पाचही उत्तरं बरोबर. मी दोनदा बेरीज केली. साडेपाच.

घरी आल्यावर आधी आईला सांगितलं. तिने मामाला न मागता चहा करून दिला. मग मी त्याच्याजवळ बसले.

"मामा, तिथे आठ होता."

"आठ?" त्याने अंगठा बोटांवर घासून बघितला. "माका तर तीन वाटलेलो."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"नुसतो वाटलेलो. कळलेलो खय?"

"तू तीन म्हणाला असतास तर मी तीनच लिहिलं असतं. नापास झाले असते मी."

"व्हय तर," तो म्हणाला, "आणि तुझ्या आवशीन माका ही चाय दिल्यान नसती."