दुसऱ्या कॅमेऱ्याचा नुश्के

एगबर्ट नुश्केचा बाप बर्लिनच्या अंगणाअंगणांतून पेटी वाजवत हिंडायचा. हँडल फिरवलं की सूर निघायचे, अशी ती पेटी. "मनात काहीही चालू दे, हात सारखा फिरला पाहिजे," एवढीच विद्या बापाने दिली, आणि तिच्यावर नुश्के सिनेमात लागला. तिथे पेटीऐवजी कॅमेऱ्याचं हँडल होतं, इतकाच फरक. वेग चुकू नये म्हणून तो बापाचीच एक चाल ओठांत गुणगुणायचा.

पण अकरा वर्षं हँडल फिरवूनही त्याने टिपलेलं एकही चित्र त्याच्या बायकोने पाहिलं नव्हतं. टेम्पेलहोफच्या स्टुडिओत प्रत्येक प्रसंगाला दोन कॅमेरे शेजारी शेजारी लागत. पहिल्याची फिल्म देशात दाखवायची, दुसऱ्याची परदेशी पाठवायची. पहिला कॅमेरा वाल्डेमार ट्रिटेलचा, दुसरा नुश्केचा. म्हणजे नुश्केच्या कामावर हसायचे ते ब्राझीलचे लोक, आणि त्याची आडेले दर शनिवारी नॉयकोल्नच्या थिएटरात वाल्डेमारच्या कामावर पोट धरून हसायची.

"काय हात आहे रे त्याचा!" घरी येऊन ती डोळे पुसत म्हणायची.

"मीही तिथेच होतो. दोन फुटांवर," एकदा नुश्केला राहवलं नाही.

"मग शिकून घे की त्याच्याकडून!"

नुश्के समोरचं बटाट्याचं सॅलड चिवडत राहिला. त्या दिवसापासून वाल्डेमारचं नुसतं शीळ घालणंही त्याला खुपू लागलं. बरं, वाल्डेमार दुष्ट असता तर एक वेळ परवडलं असतं. पण तो भला माणूस होता, सिगारेट ओढताना दुसरी नुश्केसमोर धरायचा, आणि या मेल्याला नेमकं तेच सहन होत नसे. त्याला हवं होतं एवढंच, की आडेले एकदा आपल्या चित्रावर हसावी आणि तिच्या कानात सांगता यावं, हे माझं.

पंचवीस सालच्या शरद ऋतूत एका लग्नाच्या विनोदी चित्रपटाचं काम चाललं होतं. सात मजली केक जिन्यावरून गडगडत नवरीच्या बापावर कोसळतो, हा त्यातला मुख्य प्रसंग. केक एकच होता आणि जिना संध्याकाळी मोडायचा होता. जे काय टिपायचं ते एकदाच.

जेवणाच्या सुट्टीत वाल्डेमार गप्पांत रंगला आणि हाक आली तसा धावत येऊन उभा राहिला. नुश्केची नजर खाली गेली. फिल्म भरलेला वाल्डेमारचा डबा स्टुलावरच राहिला होता. कॅमेऱ्यात होता तो रिकामा.

एक शब्द पुरला असता. नुश्केने ओठ मिटून घेतले.

"चालू!" दिग्दर्शक ओरडला.

केक सुटला. शेजारी वाल्डेमार मन लावून रिकामं हँडल फिरवत होता, आणि नुश्केच्या छातीत आनंद मावेना. आता आपलीच फिल्म देशभर दिसणार! आडेले बघणार! गुणगुणायचं राहूनच गेलं. हाताला जी गती चढली ती त्याला कळलीही नाही.

विनोदी प्रसंगात हात मंद ठेवायचा, म्हणजे पडद्यावर माणसं तुरुतुरु पळतात. हात वेगात फिरला की पडद्यावर सगळंच रेंगाळतं. दोन दिवसांनी फिल्म धुऊन आली तेव्हा दिग्दर्शक नुश्केच्या अंगावर धावून गेला. वाल्डेमार मध्ये पडला. "साहेब, फिल्म भरायला मी विसरलो. चूक माझी आहे. याला बोलू नका." यावर नुश्केला रागावताही येईना.

तरी चित्रपट लागल्यावर पहिल्याच शनिवारी तो आडेलेबरोबर थिएटरात जाऊन बसला. ती कशालाही हसते, याला नक्की हसेल, या आशेवर.

जिना आला. मूकपटाला साथ करणाऱ्या पियानोवाल्याने धडाम करून सगळी बोटं आपटली, तेव्हा केक अजून चौथ्या पायरीवर होता. मग तो सावकाश, अगदी सावकाश, नवरीच्या बापावर विसावला. कोणी हसलं नाही. मागे कोणीतरी खोकलं.

आडेले नुश्केच्या कानाशी वाकली. "बिचारा वाल्डेमार! बरं नसणार रे त्याला. सोमवारी आठवणीने विचार हं."

"विचारतो," नुश्के म्हणाला.